पडदा नव्हे, तळं

१ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

काल निवृत्त झालो. पडद्यांच्या दुकानात एकतीस वर्षं काढली. मापं घेतली, कापड कापलं, वरच्या पट्टीत रिंगा ठोकल्या आणि लोकांच्या खिडक्या झाकल्या. माझ्यातला कलावंत इतकी वर्षं तिथे रिंगेला लटकून होता, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. निरोपाला मालकांनी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि काळ्या पॉलिएस्टर दोऱ्याच्या रिळांची पेटी. घड्याळ बंद आहे. दोरा गिऱ्हाइकांनी नाकारलेला.

आजपासून या घरात पडदा हा शब्द बंद. आजपासून कला.

संकल्प. एक, रोज सहाला उठणे. (आज उशीर झाला तो घड्याळामुळे.) दोन, चिडचिड बंद. तीन, वर्षाच्या आत नाव.

ही वही खाजगी आहे. कुणी वाचू नये. बायकोने तर नाहीच नाही.

३ फेब्रुवारी

काल दिवसभर विषयाचा विचार. दुपारी तीन तास डोळा लागला, म्हणजे विचार बराच खोल गेला असणार.

आज विषय सापडला. काखेत कळसा तशी गत. तो आमच्या इमारतीच्या मागेच पसरला होता. तळं.

तळ्याच्या फाटकावर नोटीस लागली आहे. इथे दुकानांचं संकुल आणि वाहनतळ होणार. 'सदर जागा हंगामी डबके असून दर उन्हाळ्यात पूर्ण कोरडी पडते.' हरकतींवर सुनावणी २४ एप्रिलला. तळं जाऊन वाहनतळ येणार, म्हणजे नुसता अनुस्वार जाणार, असा विनोद मी केला. आमची ही हातात भाजीची पिशवी घेऊन नोटीस तीनदा वाचत होती. ती हसली नाही. हिला विनोद कळत नाही, हे जुनंच दुखणं.

हिचे वडील पाणीखात्यात होते. चौतीस वर्षं रोज सकाळी सातला तिसऱ्या पायरीवर उभं राहून लोखंडी पट्टीवर तळ्याची खोली वाचायचे आणि वहीत निळ्या शाईने लिहायचे. वर्षाला एक वही. तापाने झोपले की हिला पाठवायचे. तेव्हा ही आठ वर्षांची. ही म्हणाली, तळं एकदाही कोरडं पडलेलं नाही, सगळं बाबांच्या वह्यांत आहे, वह्या आपल्या ट्रंकेत आहेत. पण चौतीस वह्या सुनावणीत कोण चाळणार? एका मोठ्या कापडावर सगळे आकडे टाक्यांनी उतरवले आणि भिंतीवर टांगले, तर आंधळ्यालाही दिसेल.

हीच कल्पना मला त्याच क्षणी सुचत होती. तिने फक्त आधी बोलून दाखवली.

५ फेब्रुवारी

दुकानातून मांजरपाट आणलं. चाळीस फूट लांब, सहा फूट उंच. मालकांनी विचारलं, कुणाच्या खिडकीला एवढा पडदा? मी उत्तर दिलं नाही. कीव आली.

कलाकृतीचं नाव ठरलं. 'जलसंवाद: एक अंतर्मुख विस्तार'. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, पडदा चांगला होईल. आईच्या डोळ्यांना मात्र जपा.

१२ फेब्रुवारी

कामाची विभागणी. हिने आकडे भरायचे, मी दृष्टी द्यायची.

एका ओळीत एक वर्ष, ओळीत बारा महिने, महिन्याचा सगळ्यात कमी आकडा. चारशे आठ आकडे. हिने दोरा मागितला. दुकानातली काळी पॉलिएस्टरची पेटी दिली. तिला काय, आकडे काळे झाले काय आणि पांढरे झाले काय. ही जेवणाचं टेबल सरकवून खिडकीशी बसते, मांडीवर कापड, बाजूला उघडी वही. आधी पेन्सिलीने आकडा काढते, मग फुलीचे टाके घालते. दिवसाला दहा-बारा आकडे होतात. मी म्हटलं, जरा वेग वाढव. तिने चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

आज घरात जलनीती जाहीर केली. आंघोळीला अर्धी बादली. भांड्यांचं पाणी झाडांना. नळ चालू ठेवून दात घासायचे नाहीत. घरात माणसं दोन आणि त्यातला एक कलावंत. कलावंताला कल्पना शॉवरखाली सुचतात, त्याला कोण काय करणार? तेव्हा अर्धी बादली हिच्यासाठी.

१९ फेब्रुवारी

आज मी प्रत्यक्ष कामाला हात लावला. कापडाची वरची कड दुमडली, पट्टी शिवली. काम इतकं रंगलं की भान राहिलं नाही. भानावर आलो तेव्हा पट्टीत अर्ध्या अर्ध्या फुटावर पितळी रिंगा ठोकून झाल्या होत्या. ऐंशी रिंगा.

ही म्हणाली, अहो, हा पडदा झाला.

मी म्हटलं, हा रूपबंध आहे. चिडचिड केली नाही. दार फक्त जरा जोरात लागलं.

२ मार्च

कलादालनाला सविस्तर पत्र पाठवलं. आठ पानं, पैकी सात माझ्या जडणघडणीवर. सोबत फोटो. फोटोत कापडासमोर मी उभा आहे. कापड मागे थोडं दिसतं.

९ मार्च

कलादालनाचं उत्तर. 'आमच्या खिडक्यांना पडदे नुकतेच बसवले असल्याने सध्या गरज नाही.'

खऱ्या कलेला पहिला नकार मिळतोच. हे उत्तर जपून ठेवलं. पुढे कधी माझ्याच प्रदर्शनात काचेखाली लावता येईल.

२० मार्च

हिचे आकडे पूर्ण झाले. संध्याकाळी कापड पूर्ण लांबीला जिन्यातून खाली सोडलं. ही वरच्या कठड्याशी उभी होती. बोटाला पट्टी. म्हणाली, चारशे आठ आकडे घातले, पण नुसतं शून्य एकदाही घालावं लागलं नाही. मग कठड्यावरून कापडाची कड सारखी केली. म्हणाली, बाबा खूश झाले असते.

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. पण बरं वाटणं वेगळं आणि कला वेगळी. लांबून पाहिलं तर ते कापड म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. नुसते आकडे. तळं कुठे आहे? पाणी कुठे आहे? मी कुठे आहे?

रंग हवा.

२१ मार्च

रंगाऱ्याकडे गेलो. हात कोपरापर्यंत निळे आणि तोंड त्याहून फटकळ. तो म्हणाला, रंगवून झालं की सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवा, मग चार पाण्यांतून काढा, शेवटचं पाणी नितळ निघेपर्यंत. नाहीतर रंग कच्चा राहील.

चार पाणी! जलसंवर्धनाच्या कलाकृतीला! मी त्याला माझी जलनीती समजावली. तो म्हणाला, साहेब, रंगाला त्याचं पाणी आज पाजा, नाहीतर तो उद्या तुमच्या तोंडचं पळवील.

अडाणी माणूस. आपल्या धंद्यापलीकडे बघता येत नाही यांना. मी एक थेंबही वाया घालवणार नाही.

२२ मार्च, सकाळ

ही चार दिवस बहिणीकडे गेली. घर मोकळं, मन मोकळं.

रंगाऱ्याच्या निळ्यात जीव नाही. बाजारी निळा. मला तळ्याचा निळा हवा. अचानक आठवलं, सासऱ्यांच्या वह्या! चौतीस वर्षांची निळी शाई! तळ्याकडे बघून लिहिलेली! यापेक्षा तळ्याचा निळा दुसरा कुठे मिळणार?

विचार नीट केला. आकडे कापडावर आले आहेत. म्हणजे वह्यांचं काम संपलं. उगाच ट्रंकेत कसर लागून जाणार, त्यापेक्षा कलेच्या कारणी लागतील. सासऱ्यांनाही हेच आवडलं असतं. मी त्यांना ओळखत होतो. माझ्याशी ते फारसं बोलत नसत, पण ते त्यांचं मौन मला कळायचं.

२२ मार्च, दुपार

पानं सोडवून पिंपात भिजवली. अर्ध्या तासात पाणी निळं व्हायला लागलं. इतका सुंदर निळा मी आयुष्यात पाहिला नाही. डोळे भरून आले. पहिला हात शाईच्या पाण्याचा, त्यावर दोन हात रंगाऱ्याच्या निळ्याचे, खाली काळपट, वर फिका. आकडे झाकले गेले, पण खोलीची जाणीव आली. आकडे आता दिसत नाहीत, भासतात. उजव्या कोपऱ्यात दोन फुटी सही केली, गडद निळ्यात.

सोडा नाही. धुणं नाही. थेट वाळत घातलं. पाण्याचा अपव्यय शून्य.

भिजलेल्या कागदाच्या पट्ट्या फेकवेनात. एकावर एक चिकटवून त्यांच्या तीन वाट्या केल्या. हिला भेट. ट्रंकेत, वह्यांच्या जागी ठेवल्या. मन प्रसन्न.

२६ मार्च

ही परत आली. कापडासमोर उभी राहिली. मग जवळ जाऊन बोटांनी चाचपडत राहिली, अंधारात बटण शोधतात तशी. म्हणाली, आकडे कुठे गेले?

मी म्हटलं, आत आहेत. आता ते जाणवतात.

ती म्हणाली, सुनावणीत साहेबांना जाणवतील का?

मी म्हटलं, कलेला वेळ द्यावा लागतो. ती खुर्चीत बसली. मग स्वतःशीच म्हणाली, असू दे. वह्या तर आहेत.

ट्रंक उघडली नाही. सुटलो. वह्यांचं उद्या सांगीन. चांगली गोष्ट घाईने सांगू नये.

२८ मार्च

आज सांगणार होतो. तिचं डोकं दुखत होतं.

१ एप्रिल

आज सांगणार होतो. पण आजची तारीख बघता तिने थट्टा समजली असती.

६ एप्रिल

आज माझ्या आयुष्यात महत्त्वाचा दिवस. कापड गच्चीवर टांगलं होतं. खालून एक टायवाला माणूस वर आला. तळ्याच्या प्रकल्पाच्या कंपनीत लोकांशी बोलण्याचं काम करतो. कापड बघून थक्क झाला. लांबी विचारली. चाळीस फूट म्हटल्यावर टाळी वाजवली. रिंगांवरून हात फिरवला आणि म्हणाला, वा, रिंगासुद्धा तयार आहेत, याला म्हणतात दूरदृष्टी.

एकतीस वर्षांत माझ्या रिंगांबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता.

तो म्हणाला, तळ्याभोवती पत्र्याचं कुंपण झालंय, फक्त मुख्य रस्त्याच्या बाजूला चाळीस फूट उघडं आहे. लोक तिथे थांबून आत बघत बसतात, फोटो काढतात. तिथे काहीतरी सुंदर असावं, अशी कंपनीची इच्छा आहे. रोज हजारो लोक तिथून जातात.

जिथे लोकांची नजर जाते तिथे कला हवी. हे या माणसाला कळलं, कलादालनाला कळलं नाही.

मानधन नको म्हणालो. त्याने लगेच मान्य केलं. मोठ्या मनाचा माणूस.

हिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तळं बुजवणारे तेच आहेत. मी म्हटलं, कला शत्रूच्या घरातही दिवा लावते. ती म्हणाली, आणि २४ तारखेला? मी म्हटलं, तुझ्याकडे वह्या आहेत ना.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग पाणी प्यावं लागलं. दोन ग्लास.

८ एप्रिल

टायवाल्याने आणलेल्या कागदावर सही केली. चार ओळी होत्या. वाचल्या नाहीत. विश्वास ही गोष्ट वाचून होत नाही.

११ एप्रिल

टायवाला आला आणि कापड घेऊन गेला. गुंडाळी करून, खांद्यावर. मी जिन्यापर्यंत गेलो. लेक सासरी जाताना झालं होतं तसं झालं. (ही मात्र तेव्हा रडली होती. आज स्वयंपाकघरातून बाहेरही आली नाही.)

१५ एप्रिल

कंपनीचं पत्र. 'दि. २५ एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजता आपण दिलेल्या कापडाचे तळ्याच्या दर्शनी बाजूस आवरण करण्यात येईल.'

अनावरण लिहायचं होतं. टायपिस्टने सुरुवातीचं अक्षर खाल्लं. अशा चुका मोठ्या संस्थांत होतात. दुरुस्ती कळवली, शिवाय माझं भाषण किती मिनिटांचं ठेवू ते विचारलं.

१७ एप्रिल

उत्तर आलं. 'मजकूर बरोबर आहे.' भाषणाबद्दल काही नाही. म्हणजे वेळेचं बंधन नाही.

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात: पाणी म्हणजे काय?

१८ एप्रिल

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

ही सकाळी हरकतींच्या कचेरीत गेली होती. तिथला कारकून भला माणूस, त्याचं लहानपण याच तळ्यात डुंबण्यात गेलेलं. तो म्हणाला, आकड्यांचं कापड चालणार नाही बाई, मूळ वह्या आणा. मूळ वह्या असल्या तर कंपनीचा वकील तोंड उघडू शकत नाही.

ही हसत घरी आली. खूप दिवसांनी हसत आली. थेट ट्रंकेकडे गेली.

मी शॉवरखाली होतो. बाहेर आलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती, समोर तीन वाट्या. मी म्हटलं, आवडल्या का? मला खरंच वाटलं होतं तिला आवडतील. सगळं सांगितलं. पिंप, शाई, निळा. बोलता बोलता माझाच आवाज लहान होत गेला.

शाई सगळी गेली. पण वाट्यांच्या कडेला कुठे कुठे आकडे राहिले आहेत. अकरा फूट चार इंच. बारा फूट एक. नऊ फूट सहा. वेडंवाकडं, मोठं अक्षर. पेन्सिलीचं. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. हिचे बाबा आजारी असताना ही पायरीवर जायची, तेव्हा शाईचं पेन तिच्या हातात देत नसत.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. म्हणाली, तुम्हाला एकदा विचारावंसंही वाटलं नाही.

मी म्हटलं, तू बहिणीकडे होतीस.

तिने वाट्या पिशवीत ठेवल्या. मलाही माझं उत्तर नंतर फारसं पटलं नाही. पण उत्तर चूक होतं असंही नाही. ती बहिणीकडे होतीच.

१९ एप्रिल

ही बोलत नाही. मी आजपासून अर्ध्या बादलीत आंघोळ करणार.

२० एप्रिल

पाऊण बादली.

२१ एप्रिल

टायवाल्याला फोन केला. म्हटलं, २४ तारखेपुरतं कापड परत मिळेल का, एक दिवस. तो म्हणाला, अहो, ते आता आमच्या रस्त्याकडच्या बाजूला बसलं, काढलं तर तिथून आतलं सगळं दिसेल. मी म्हटलं, पण अनावरण २५ ला आहे ना? तो म्हणाला, हो हो, तुम्ही या.

लेकीचा फोन. तिने फक्त विचारलं, आई जेवते का? मी म्हटलं, जेवते. माझ्या जेवणाबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. (जेवतो.)

२४ एप्रिल, संध्याकाळ

सुनावणी झाली. हिने मला चल म्हटलं नव्हतं, मी मागच्या ओळीत जाऊन बसलो. पाठिंबा म्हणून. शिवाय उद्याच्या भाषणाआधी सभेचा अंदाज.

खोली लहान, पंखा मोठा. ही उभी राहिली. पिशवीतून तीन वाट्या काढून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, नोंद. चौतीस वर्षांची होती, एवढी उरली. मग तिने आकडे तोंडाने सांगायला सुरुवात केली. वर्ष, महिना, फूट, इंच. चाळीस-पन्नास आकडे तरी सांगितले असतील, न अडखळता. टाके घातलेल्या बाईला पाठच असणार.

कंपनीचा वकील उठला. म्हणाला, पाठांतर छान आहे. कागद आहे का? साहेबांनी वाट्या उलटसुलट करून पाहिल्या, तीन आकडे मोठ्याने वाचले. वकील म्हणाला, तीन आकड्यांनी तळं भरत नाही. लोक हसले.

मग त्याने एक कागद काढला. माझा. चार ओळी वाचून दाखवल्या. हरकतदार बाईंच्याच घरून प्रकल्पाला सदिच्छा म्हणून दर्शनी कापड भेट मिळालं आहे, प्रकल्पाबद्दल कुटुंबाची कोणतीही तक्रार नाही. खाली माझी सही. नाव मोठ्याने वाचलं गेलं. चारचौघांत माझी सही वाचली जाण्याची ही पहिलीच वेळ.

हिने मागे वळून पाहिलं नाही. मान ताठ होती, कान लाल झाले होते. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या.

निकाल पाच मिनिटांत. नोंद उपलब्ध नाही. जागा हंगामी डबकं. हरकत फेटाळली.

बाहेर तो कारकून हिच्याजवळ आला, अपिलाला तीस दिवस असतात म्हणाला. आणि मला म्हणाला, तुम्हीच का ते? मी मान हलवली. या प्रश्नाची मी आयुष्यभर वाट पाहिली होती.

२५ एप्रिल, सकाळी ७.१५

झालं ते झालं. खचून चालणार नाही. कलाकृती आता लोकांपुढे येईल, लोक जागे होतील, वर्तमानपत्रात फोटो येईल, अपिलाला जोर चढेल. हिला तेव्हा कळेल.

इस्त्रीचा सदरा. भाषण सात पानं. ही माझ्या आधीच कुठेतरी बाहेर पडली आहे. जाताना एक कोरी वही नेली, सासऱ्यांसारखी सातला पट्टी वाचायची असेल.

२५ एप्रिल, दुपार

नऊला पोचलो. मंडप नाही, खुर्च्या नाहीत, माइक नाही. टायवाला नाही. फाटकावर वॉचमन. विचारलं, अनावरण कुठे आहे? त्याने माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पानांकडे. म्हणाला, अनावरण नाही साहेब, आवरण. ते झालं पण. गेल्या आठवड्यातच दोऱ्या बांधल्या. रिंगा होत्याच, पंधरा मिनिटांत काम. आतलं दिसू नये आणि धूळ बाहेर येऊ नये म्हणून लावलंय. आज फक्त कडा ताणून बसवायच्या होत्या.

आतून ट्रक मागे घेतल्याचे आवाज येत होते आणि दर थोड्या वेळाने भराव पडल्याचा. माझं कापड प्रत्येक वेळी थोडंसं पुढे फुगायचं.

चाळीस फूट, सहा फूट, रिंगांवर टांगलेला. मी आयुष्यात शिवलेला सगळ्यात मोठा पडदा.

तेवढ्यात टँकर आला. धूळ बसवायला रोज सकाळी मारतात म्हणे. पाणी त्याच तळ्यातून उपसलेलं. वॉचमन म्हणाला, आज कापडावरही मारा रे, फार मळलंय. पाइप फिरला.

पहिली सही गेली. दोन फुटी सही. कोपऱ्यातून ओघळून पाच मोजेपर्यंत फुटपाथवर आली. मग वरचा फिका निळा, मग खालचा काळपट, मग सासऱ्यांचा निळा, सगळ्यात आतला. सगळा गटाराकडे वाहून चालला. माझ्या बुटांवरून. रंगाऱ्याला हे सांगायला मी जाणार नाही.

पाइप बंद झाला. समोर मांजरपाट, जवळजवळ मूळच्या रंगाचं. आणि त्यावर काळ्या दोऱ्याचे आकडे. एकाच्या खाली एक, चौतीस ओळी, सगळेच्या सगळे. पॉलिएस्टरला आमचा रंग धरत नाही. एकतीस वर्षं त्या धंद्यात होतो, मला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. रस्त्यावरचे दोन-चार लोक थांबले. एकाने विचारलं, हे कसले आकडे? मला सांगता आलं असतं. भाषण खिशात होतं. सुरुवात: पाणी म्हणजे काय. काढलं नाही.

कारण ही तिथे होती, केव्हा आली ते मला कळलं नव्हतं. कापडापासून हातभर अंतरावर, चपला बाजूला काढून, निळ्या पाण्यात उकिडवी बसलेली. गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल. वरची ओळ, पहिला महिना, आकडा, पुढचा आकडा. मान वर, मान खाली. दुसऱ्या वर्षापर्यंत आली होती. आत भराव पडत होता, कापड फुगत होतं, ती डाव्या हाताने ते धरून ठेवत होती आणि लिहीत होती.

मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माफ कर, असं काहीतरी असावं. नक्की सांगता येत नाही.

तिने वर न बघता सांगितलं, अहो, बाजूला व्हा, आकड्यांवर सावली पडते.

झालो.